प्रवास कोणासाठी?

ठाण्याहून वर्धा साडेसहाशे किलोमीटरांहून थोडे अधिकच पडते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि मुंबईच्या वेशीपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरांचा सलग रस्ता तयार झाला. ती बातमी वाचून आमचे चिरंजीव म्हणाले, "आता वर्धा म्हणजे फक्त आठ तास!" वर्ध्याला माझ्या धाकट्या भावाकडे माझी आई असते. तिला त्र्याण्णवावे वर्ष लागले आहे. तिने आपली पणती अजून पाहिली नव्हती, आणि पणती तर दोन वर्षांची होऊन गेली होती. तेव्हा हिवाळ्यात चार दिवस रजा काढून, मोटारीने, सर्वांनी मिळून वर्ध्याला जावे असे ठरले.

सूनबाई एवढेच म्हणाली, "आठ तास खरे, पण तुझे आठ तास आणि तिचे आठ तास एकच का?"

प्रश्न साधा होता. पण तो घरात आला आणि पुढले पंधरा दिवस घरातून हलला नाही. चिरंजिवांनी एका कागदावर प्रवासाची आखणी केली होती. पहाटे चारला निघायचे, म्हणजे पोर झोपेतच इगतपुरी ओलांडेल. सकाळीच जालना मागे पडेल. दुपारचे जेवण एकदम वर्ध्याला. सूनबाईने दुसरा कागद केला. त्यात गावांची नावे शेवटच्या रकान्यात होती. पहिल्या रकान्यात पोरीचे उठणे, दूध, दुपारची झोप, संध्याकाळची किरकिर यांच्या वेळा होत्या, आणि मध्ये छत्रपती संभाजीनगरला एक रात्र मुक्काम होता. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे तिसरेच. त्या म्हणाल्या, "कागद कशाला हवेत? मी तिला मांडीवर घेऊन बसते. आपली मुले अशीच नाही का वाढली?"

आणि मी? मी चिरंजिवांची बाजू घेतली. म्हटले, "एका दिवसाचा तर प्रश्न! थोडी ओढाताण झाली, रडली, तरी तिला त्यातले काय आठवणार आहे?"

हे वाक्य मी सहज बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी शेजारचे एक गृहस्थ आले. आमचा बेत ऐकून ते म्हणाले, "एवढ्या लहान मुलीला इतक्या लांब नेता कशाला? तिला त्यातले काय आठवणार आहे?" वाक्य तेच, पण निष्कर्ष अगदी उलटा. मुलाला आठवणार नाही म्हणून त्याचे हाल झाले तरी चालतील, असे मी म्हणत होतो. आठवणार नाही म्हणून त्याला सुख देण्याचे कारण नाही, असे ते म्हणत होते. दोघांच्याही मनाच्या तळाशी एकच समजूत होती: जे आठवत नाही ते जमेस धरायचे नाही. ही समजूत खरी आहे काय?

आठवणार नाही, हे मात्र खरे. आपल्यापैकी कोणालाही आपले पहिले दुसरे वर्ष आठवत नाही. मोठ्या माणसांना त्यांची पहिली आठवण विचारली तर ती सरासरी तीन साडेतीन वर्षांच्या वयाची निघते. त्या आधीचे जे आपण 'आठवते' म्हणून सांगतो ते पुष्कळदा आईच्या तोंडून ऐकलेले किंवा छायाचित्रात पाहिलेले असते. फ्रॉइडने १९०५ साली या विस्मरणाची चर्चा केली आणि तो त्याचे मूळ मनाच्या दडपणात शोधू लागला. आजचे शास्त्रज्ञ ते मेंदूच्या वाढीत आणि भाषेच्या उगमात शोधतात. कारण काही असो. आमच्या नातीच्या डोक्यात वर्ध्याची ही वारी टिकणार नव्हती, हे निश्चित होते.

पण जे टिकत नाही ते घडलेच नाही, असे म्हणता येईल काय? या प्रश्नाला इतिहासात एक दारुण उत्तर आहे. १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील रुग्णालयांतूनदेखील तान्ह्या बाळांवर कित्येकदा पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. ते डॉक्टर दुष्ट नव्हते. भूल देण्यात बाळाच्या जिवाला धोका आहे, ही त्यांची भीती खोटी नव्हती; परंतु तिच्या जोडीला दोन समजुती होत्या. एक, इतक्या लहान जिवाला वेदना आपल्यासारखी कळत नाही; आणि दुसरी, कळली तरी ती त्याला आठवणार नाही. ऑक्सफर्डमध्ये संशोधन करणारे डॉ. कंवलजीत आनंद आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली दाखवून दिले की, पुरेशी भूल मिळालेल्या बाळांच्या शरीराला शस्त्रक्रियेचा धक्का पुष्कळच कमी बसतो, आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. वेदना आठवणीत राहिली नाही तरी देहाने ती भोगलेली असते. त्यानंतर जगभर पद्धती बदलू लागली.

मोटारीच्या प्रवासाला एवढे मोठे उदाहरण कशाला, असे कोणी म्हणेल. पण माझे ते सहज वाक्य आणि त्या डॉक्टरांची समजूत यांत जातीचा फरक नाही. आहे तो केवळ प्रमाणाचा. आणि हे मला पटायला ऑक्सफर्डपर्यंत जायचीही गरज नव्हती.

१९८६ सालच्या मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही भाड्याच्या अँबॅसडरने वर्ध्याहून नाशिकला निघालो होतो. आज मोटार चालवणारे हे चिरंजीव तेव्हा दोन वर्षांचे होते. अकोल्याच्या अलीकडेच पोराचे अंग तापल्यासारखे वाटू लागले. सौभाग्यवती म्हणाल्या, कोठेतरी सावलीला तासभर थांबू या. मी थांबलो नाही. सीमांतपूजन चुकले असते, आणि मी वराचा मामा होतो. पोर रडत राहिले, मग ओकले, मग रडायचेही थांबले आणि नुसते पडून राहिले. ते थांबले तेव्हा मला हायसे वाटले होते, हे आज सांगायची लाज वाटते. आम्ही वेळेवर पोचलो. दोन दिवसांत मुलगा बरा झाला, मांडवात खेळू लागला. त्याला त्यातले काहीही आठवत नाही. मी ही हकीकत त्याला प्रथम सांगितली ती या प्रवासाच्या आखणीच्या वेळी. त्यावर तो हसला आणि म्हणाला, "जाऊ द्या हो बाबा, मला कुठे आठवतंय!"

त्याला आठवत नाही, पण मला आठवते. चाळीस वर्षे होत आली तरी सीमांतपूजनातला एकही चेहरा माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. मागच्या सीटवर पडलेले ते मलूल तोंड मात्र येते. मुलाचे विसरणे ही मला मिळालेली क्षमा आहे, असे मी पुष्कळ दिवस समजत होतो. आता वाटते, ती क्षमा नव्हे. ज्याला अन्याय आठवतच नाही तो क्षमा तरी कशी करणार? तेव्हा ते खाते उघडेच राहते.

म्हणून, जो विसरणार आहे त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. मोठ्या माणसाला आपण त्रास दिला तर तो बोलतो, भांडतो, पुढे कधी सुनावतो. दोन वर्षांच्या मुलाला तक्रार करायला आजचा क्षण आणि रडणे एवढीच दोन साधने असतात. तो क्षण आपण निभावून नेला की साक्षीदार कोणी उरत नाही. माणसाच्या नीतीची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते.

हाच न्याय उलट बाजूने लावला की शेजारच्या गृहस्थांनाही उत्तर मिळते. विसरलेले दुःख जर दुःख असते, तर विसरलेले सुखही सुखच असले पाहिजे. मुलाला आनंद द्यायचा तो पुढे त्याला सांगता यावा म्हणून नव्हे; तो आज आनंदित व्हावा म्हणून. आपण मोठी माणसे हल्ली प्रत्येक गोष्ट आठवणीसाठी करतो. सहल आठवणीसाठी, छायाचित्र आठवणीसाठी, समारंभ आठवणीसाठी. जेवण चालू असताना त्याची आठवण तयार करण्याची घाई इतकी, की जेवण निवून जाते. लहान मूल या बाबतीत आपल्याहून शहाणे म्हटले पाहिजे. ते पुढच्यासाठी काही साठवीत नाही.

एवढे कबूल केले की प्रवासाचा वेग कोणी ठरवायचा, हा प्रश्न आपोआप सुटतो. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आणि एसाव या भावांच्या भेटीची कथा आहे. एसाव म्हणतो, चल, आपण बरोबर जाऊ. तेव्हा याकोब त्याला पुढे जायला सांगतो. माझ्याबरोबर कोवळी मुले आहेत, दुभती जनावरे आहेत. त्यांना एक दिवस जरी जास्त पिटाळले तरी कळप मरेल. मी त्यांच्या पावलाने सावकाश येतो, अशा अर्थाचे त्याचे उत्तर आहे. आपल्याकडे आळंदीहून पंढरपूरला जाणारी पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरांना अडीच आठवड्यांहून अधिक दिवस घेते. वारीच्या वेळापत्रकात मुक्काम आणि विसावा असे दोन वेगळे शब्द असतात. मुक्काम रात्रीचा, विसावा वाटेतला, पाठ टेकण्यापुरता. चिरंजिवांच्या कागदात मुक्काम नव्हता. पण खरी उणीव विसाव्याची होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी काही मार्गदर्शक सूचना दिल्या. दोन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, आणि जागेपणी बाबागाडीत किंवा उंच खुर्चीत त्याला एका वेळी तासाहून अधिक अडकवून ठेवू नये, असे त्यांत आहे. महामार्गावर दर तासाला थांबणे नेहमी जमत नाही. तरी जागी असेल तर तासा-सव्वातासाने, झोपली असेल तर उठेपर्यंत, असा नेम आम्ही केला. थांबायचे ते रस्त्याच्या कडेला नव्हे, तर सोयीच्या ठिकाणी आत वळून; आणि थांबल्यावर चहा आधी मोठ्यांनी प्यायचा नाही, आधी पोरीला मोकळे सोडायचे. बंद मोटारीत तिला 'दोनच मिनिटे' म्हणूनही एकटे ठेवायचे नाही, कारण उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या आतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकते. सूनबाईच्या कागदाचा विजय झाला. आठ तासांचे दोन दिवस झाले.

परंतु येथे एक नवाच पेच उभा राहिला. सगळेच जर पोरीच्या कलाने घ्यायचे, तर मांडीचे काय? नातीला बाळाची सीट मुळीच आवडत नसे. पट्टा लावला की कमान करून रडे. आजीची मांडी आवडे. रडणे हे जर तिचे मत, तर ते येथे का मानायचे नाही?

आमच्या सौभाग्यवतींची बाजू मला मनातून पटत होती. मांडीइतकी सुरक्षित जागा जगात दुसरी नाही, ही भावना आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. पण चिरंजिवांनी पेन्सिल घेऊन गणित मांडले. मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता एखाद्या धडकेने एक दशांश सेकंदात थांबली, तर बारा किलोंचे मूल त्या क्षणी हातांना १७० किलोंच्या ओझ्यासारखे ओढते. एवढे ओझे पहिलवानालाही धरून ठेवता येणार नाही. आणि समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. स्वीडनमधील बर्टिल आल्डमान यांनी १९६० च्या दशकात अंतराळवीर पाठीवर रेलून उड्डाणाचा दाब कसा सोसतात हे पाहिले, आणि त्यावरून मुलांसाठी मागे तोंड करून बसण्याच्या सीटचा पहिला नमुना १९६४ साली तयार केला. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनात न बांधता मोटार चालवणे हा १००० रुपये दंडाचा गुन्हा ठरवला. गणित ऐकून सौभाग्यवती बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तिला धरलंय असं मला वाटेल, आणि ती माझ्या हातात नसेलच."

या बोलण्याने माझ्या मनातला गुंता सुटला. मुलाच्या कलाने घेणे आणि मुलाचे हित पाहणे या दोन गोष्टी बहुधा बरोबर चालतात. पण एखाद्या वळणावर त्यांच्या वाटा फुटतात. जेथे आपली सोय आणि त्याची सोय यांत झगडा असेल, तेथे त्याची सोय पाहावी. जेथे त्याची इच्छा आणि त्याचा जीव यांत झगडा असेल, तेथे जीव पाहावा, आणि त्याचे रडणे आपण सोसावे. तिच्या रडण्याने मोटार थांबेल. पट्टा सुटणार नाही. केव्हा थांबायचे ते ती ठरवील. कसे बसायचे ते आम्ही ठरवू. आठ दिवस आधी सीट घरातच आणून ठेवली. सूनबाईने पोरीची बाहुली तीत बसवली, बाहुलीला पट्टा लावला. चौथ्या दिवशी बाहुलीला हाकलून पोर स्वतः चढून बसली.

एवढी आखणी झाली, तरी मुख्य प्रश्न शिल्लकच होता. हा प्रवास शेवटी कोणासाठी? पोरीने वर्धा मागितले नव्हते. तिला घराचे अंगण पुरत होते. तिला न्यायचे ते माझ्या आईसाठी. मग आपण तिला दुसऱ्याच्या सुखाचे साधन करीत नाही काय? कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली सांगितले, की माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वागवू नये. तो स्वतःच एक साध्य आहे. या वचनातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. कुटुंबात आपण सारेच एकमेकांची साधने असतो. आजीला नातवंड हवे असते, नातवंडाला आजी. त्यात गैर काही नाही. गैर होते ते त्या मुलाची भूक, झोप, भीती या गोष्टी आपल्या बेतापुढे दिसेनाशा होतात तेव्हा. जिच्यासाठी वाटेत पाच विसावे राखले ती केवळ साधन राहत नाही.

पण मला सलत होते ते निराळेच. माझ्या आईची आठवणही आता जाऊ लागली आहे. ती मला कधी माझ्या नावाने हाक मारते, कधी माझ्या वडिलांच्या. सकाळचे जेवण दुपारी आठवत नाही. म्हणजे ज्या दोघींच्या भेटीसाठी ही सारी यातायात, त्या दोघींनाही ती भेट आठवणार नव्हती. एकीच्या आठवणीला अजून सुरुवात व्हायची होती. दुसरीची संपत आली होती. मग आपण नेमके काय करायला चाललो आहोत, असे मला निघण्याच्या आदल्या रात्री वाटले, आणि झोप आली नाही.

आम्ही निघालो. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी चिरंजिवांच्या आग्रहाने मेहकरजवळून लोणारला वळलो. काळ्या खडकात उल्कापाताने झालेले ते सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर आणि त्यातले सरोवर काठावरून पाहताना आम्ही चौघेही गप्प झालो. पोर मात्र त्याकडे पाठ करून उभी होती. तिच्यासमोर एक शेळी बाभळीचा पाला खात होती. चिरंजीव तिला उचलून सरोवर दाखवू लागले तेव्हा ती मान वळवून शेळीच पाहत राहिली. शेवटी ते हसले, त्यांनी तिला खाली ठेवले, आणि आम्ही सर्वांनी पंधरा मिनिटे शेळी पाहिली. आखणीत लोणार होते, शेळी नव्हती. तरी तो विसावा सर्वांत चांगला झाला.

वर्ध्याला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. आई पलंगावर बसून होती. तिने विचारले, "कोणाची ही पोर?" मी सांगितले. तिने पोरीला जवळ ओढले नाही. नुसता हात पुढे केला. पोरीने त्या हातावरच्या फुगलेल्या शिरा बोटाने दाबून पाहिल्या. एक शीर खाली बसे आणि पुन्हा वर येई. पोरीला त्याची गंमत वाटली. तिने पुन्हा दाबली. आई हसू लागली. दोघींचा हा खेळ बराच वेळ चालला होता.

दुसऱ्या सकाळी आईने पोरीला पाहिले आणि विचारले, "कोणाची ही पोर?" माझ्या मनात चर्र झाले. मी पुन्हा सांगितले. तिचा चेहरा आदल्या संध्याकाळी उजळला होता तसाच पुन्हा उजळला. मग हात पुढे, मग शिरा, मग हसणे. तिसऱ्या सकाळीही तेच. आम्हांला ती भेट तीनदा घडली असे वाटले. तिला प्रत्येक वेळी ती पहिलीच होती, आणि एकही उणी नव्हती. माझ्या निघण्याच्या आदल्या रात्रीच्या प्रश्नाला दुसरे उत्तर मला मिळालेले नाही. आणि आता ते मी शोधीतही नाही.

परतीचा कागद मी स्वतः लिहिला. चिरंजिवांनी तो हातात घेऊन विचारले, "बाबा, निघायची वेळ कुठे आहे?" मी पहिल्या ओळीवर बोट ठेवले. तेथे लिहिले होते, 'ती उठल्यावर.'